एकशेवीसची रेघ

आजही ते प्रकरण माझ्या मनातून गेलेलं नाही. नोकरीच्या काळात खून पाहिले, दरोडे पाहिले, गोदीतल्या चोऱ्या तर मोजता येणार नाहीत इतक्या पाहिल्या. त्यांतल्या बऱ्याच प्रकरणांचे तपशील आता आठवायला कष्ट पडतात. या प्रकरणात कुणाचा जीव गेला नाही, कुणी फरार झालं नाही, हत्यार नव्हतं. तरी ते लक्षात राहिलं, कारण त्यात सात सेंटिमीटर जुळत नव्हते आणि न जुळणारा आकडा तसाच सोडून देणं मला कधी जमलं नाही.

मी मराठी असलो तरी जन्म कोलकात्याचा. आजोबा नोकरीसाठी इथे आले आणि भवानीपुरात स्थायिक झाले. घरात मराठी, बाहेर बांगला आणि हिंदी, असा वाढलो आणि इथल्याच पोलीस दलात लागलो. त्या वेळी खिदिरपूरच्या गोदीजवळच्या एका ठाण्यात मी दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी होतो. इथे ठाण्याच्या प्रमुखाला ‘बडोबाबू’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘मेजोबाबू’. मी मेजोबाबू. बहुतेक संभाषणं बांगलात झाली, ती इथे मराठीत देतो. नावं कुणाचीच देत नाही.

डिसेंबरातला रविवार होता. दुपारी साडेतीनच्या सुमारास एका इस्पितळातून ठाण्यात फोन आला. सहा वर्षांची मुलगी, उंचावरून पडलेली, मांडीचं हाड मोडलेलं, कपाळाला सात टाके. अशी केस आली की इस्पितळाला पोलिसांना कळवावंच लागतं. ड्यूटी ऑफिसरने जनरल डायरीत नोंद केली आणि मी एका सबइन्स्पेक्टरला घेऊन निघालो.

घटनास्थळ आमच्या हद्दीतलं एक जुनं गोदाम होतं. जहाजांचा माल ठेवायची ती जागा कुणीतरी घेऊन आत मुलांसाठी खेळघर केलं होतं. घसरगुंड्या, जाळ्या, प्लॅस्टिकच्या चेंडूंचा हौद, आणि सगळ्यांत लोकप्रिय म्हणजे झिपलाइन. मुलाला छाती-खांद्यांचे पट्टे बांधायचे, ते पट्टे वरच्या तारेवरच्या चाकाला अडकवायचे आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सोडायचं. त्या दिवशी एका मुलाच्या वाढदिवसाची पार्टी तिथे होती. ही मुलगी पाहुण्यांपैकी. तारेच्या मध्यावर तिने आनंदाने दोन्ही हात वर केले आणि खांद्यांच्या पट्ट्यांतून ती खाली सरकली. आठ फुटांवरून पडली. अर्धी गादीवर, अर्धी गादीच्या बाहेर.

मी पंचनामा केला. तारेची उंची मोजली, गादीची लांबी आणि जाडी मोजली, पट्टे जप्त केले. पट्ट्यांवरच लिहिलेलं होतं की ते एकशेवीस सेंटिमीटर आणि त्याहून उंच मुलांसाठी आहेत. झिपलाइनच्या दाराशी भिंतीवर जिराफाचं चित्र असलेला एक फळा होता. जिराफाच्या गळ्याशी लाल रेघ, तिच्याजवळ ठळक आकडा, एकशेवीस. डोकं रेघेला लागलं तर मुलाच्या मनगटाला हिरवा पट्टा, नाही लागलं तर खेळ नाही. त्या रेघेचा मी फोटो काढून घेतला. मोजली मात्र नाही. जिथे आकडा छापलेला आहे तिथे कोण मोजतो?

मालक पन्नाशीचा, मऊ बोलणारा. त्याने लगेच एक फॉर्म पुढे केला. “स्यार, पालकांनी सही केलेली आहे. उंचीसुद्धा त्यांनीच लिहिली आहे. आणि हा बोर्ड बघा ना.” बोर्डावर तीन भाषांत लिहिलं होतं की मुलांची संपूर्ण जबाबदारी पालकांची, व्यवस्थापन कोणत्याही अपघातास जबाबदार नाही.

फॉर्मवर उंचीच्या रकान्यात एकशेवीस लिहिलेलं होतं. खाली वडिलांची सही होती. आडनाव वाचून मी थबकलो. मराठी होतं.

इस्पितळात पोचल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे बडोबाबूंना फोन. सांगितलं की जखमी मुलीचे आईवडील माझ्या भाषेचे आहेत, तपास दुसऱ्याकडे द्यायचा असेल तर द्या. ते म्हणाले, “तुम्हीच करा. पण जबाब घेताना आपला बंगाली सबइन्स्पेक्टर शेजारी बसू दे.” तसंच केलं.

वडील पस्तिशीचे, एका संगणक कंपनीत कामाला. मूळचे विदर्भातले. तीन वर्षांपासून डमडमला भाड्याच्या घरात राहत होते. वाढदिवस त्यांच्या सहकाऱ्याच्या मुलाचा. बायकोला त्या दिवशी सुट्टी नव्हती म्हणून ते एकटेच मुलीला घेऊन आले होते. मी मराठीत बोलायला लागलो तेव्हा त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. परमुलखात अचानक आपली भाषा ऐकू आली की माणूस सुखावतो. हे उलट जास्तच घाबरले. खोटं बोलायची सोय गेली, असं काहीतरी झालं असावं.

मुलीची आई भिंतीला टेकून उभी होती. नवऱ्याकडे न बघता माझ्याशी बोलली.

“साहेब, तीन तास. तीन तासांसाठी मूल यांच्याकडे सोपवलं होतं.”

“ताई, आधी बसा.”

“बसते. पण लिहून घ्या तुम्ही. पोरीचा पाय बरा झाला की मी तिला घेऊन नागपूरला आईकडे जाणार आहे. परत कधी यायचं ते मी ठरवीन.”



सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास ठाण्यात एक फोन आला. बाईचा आवाज होता, नाव सांगायला तयार नव्हती. म्हणाली, “काल त्या खेळघरात मी होते. तुम्ही उगाच त्या लोकांच्या मागे लागलात. बापाने मुलीच्या कानात सांगितलं आणि तिला टाचा उचलून उभी केली. मी डोळ्यांनी पाहिलं.” फोन ठेवला. लोकांना अजून वाटतं की नाव नाही सांगितलं म्हणजे आपण सापडणार नाही. ठाण्याच्या फोनवर नंबर उमटलेला होता. तो मी डायरीत उतरवून ठेवला.

दुपारी वडिलांना ठाण्यात बोलावलं. सबइन्स्पेक्टर शेजारी बसला, मी त्याला वाक्यावाक्याला बांगलात सांगत गेलो.

“मुलीच्या कानात काय सांगितलंत?”

“ताठ उभी राहा म्हटलं. मान वर कर म्हटलं.”

“का?”

“बाकीची सगळी पोरं वर चढत होती सर. ही रडकुंडीला आली होती. एकटीच खाली राहिली असती.”

“टाचा उचलायला सांगितल्या?”

“नाही. पण तिने उचलल्या असणार. नाहीतर रेघेला डोकं लागेलच कसं? तिची उंची मला माहीत आहे.”

“किती?”

“एकशेबारा. दोन महिन्यांपूर्वी शाळेच्या कार्डावर आली होती.”

“आणि फॉर्मवर एकशेवीस कुणी लिहिलं?”

त्यांनी टेबलाकडे पाहत सांगितलं, “मीच. त्या बाईंनी हिरवा पट्टा बांधला, म्हणाल्या झालं, आता उंची लिहा. मी रेघेवरचा आकडा लिहून टाकला.”

मग त्यांनी खिशातून एक टाइप केलेला कागद काढला. आदल्या संध्याकाळी मालक इस्पितळात येऊन देऊन गेला होता. मजकूर असा, की अपघात पालकाच्या चुकीमुळे घडला, खेळघराविरुद्ध तक्रार नाही.

“मी सही करतो सर,” ते म्हणाले. “खरंच आहे ते. उगाच दुसऱ्यांना कशाला अडकवायचं?”

अशा कागदाने फौजदारी प्रकरण आपोआप मिटत नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. ‘व्यवस्थापन जबाबदार नाही’ अशा पाटीनेही मिटत नाही. कुणाच्या निष्काळजीपणाने दुसऱ्याला गंभीर दुखापत झाली की तो गुन्हा ठरतो, मग दारावर काहीही लिहिलेलं असो. पण व्यवहारात काय होतं तेही सांगतो. बापानेच चूक कबूल केली की तपासात जीव उरत नाही. अंतिम अहवाल तसाच जातो. मालकाने झिपलाइन पुन्हा सुरू करायची परवानगी शनिवारपर्यंत मागितली होती, कारण पुढच्या रविवारी तिथे तीन वाढदिवस होते.

“सही आज करू नका,” मी म्हटलं. “शुक्रवारपर्यंत थांबा.”

“थांबून काय होणार?”

“ते मलाही माहीत नाही.”

ते गेल्यावर बडोबाबूंनी मला आत बोलावलं. बडोबाबू मोठा तरबेज माणूस होता, पण त्यांना रेंगाळणारी कागदपत्रं आवडत नसत. “मेजोबाबू, बाप स्वतः मान पुढे करतोय, मालक हात जोडतोय. केस कुठे आहे?”

“स्यार, आकडे जुळत नाहीत.”

“कुठले आकडे?”

इस्पितळात भूल देण्यापूर्वी मुलीची उंची मोजली होती, धडधाकट पायाच्या बाजूने. एकशेतेरा भरली. रेघ एकशेवीसची. मध्ये सात सेंटिमीटर. खेळघरातल्या कॅमेऱ्याचं चित्रण मी जप्त केलं होतं. कॅमेरा काउंटरच्या मागे असल्याने मुलगी कमरेपासून वरच दिसत होती, पाय दिसत नव्हते. पण डोकं स्पष्ट दिसत होतं. ते रेघेला लागलं होतं आणि नऊ सेकंद तिथेच होतं. हललं नव्हतं. त्या नऊ सेकंदांत काउंटरवरची बाई हिरव्या पट्ट्याचं बटण लावायला धडपडत होती.

“मग काय झालं?” बडोबाबू म्हणाले. “पोरगी टाचांवर उभी राहिली. सात सेंटिमीटर तेवढेच होतात.”

“होतात. पण नऊ सेकंद न हलता?”

बडोबाबूंनी चष्मा काढला. “निवृत्तीनंतर तुम्ही शिंप्याचं दुकान टाका. माप घ्यायची हौस फिटेल. शुक्रवारपर्यंत वेळ देतो.”

संध्याकाळी घरी गेलो. माझी भाची जवळच राहते, तिची मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. तिला बोलावलं, दाराच्या चौकटीला टेकून उभी केली, पेन्सिलीने खूण केली. “आता ताठ उभी राहा.” एक सेंटिमीटर वाढला. “मान वर.” आणखी अर्धा. “आता टाचा उचल.” सहा-सात वाढले, पण मी चार मोजेपर्यंत डुलायला लागली आणि चौकटीला हात लावला. पाच वेळा केलं. एकदाही ती पाच सेकंदांच्या पुढे स्थिर राहिली नाही. शेवटी कंटाळून म्हणाली, “मामाआजोबा, तुम्ही मला पोलिसात घेणार आहात का?” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “तिला घ्या, म्हणजे तुम्ही तरी घरात बसाल.”

थोडक्यात, ताठ उभं राहून सातांपैकी दीड सेंटिमीटरच भरून निघत होता. उरलेले साडेपाच कुठून आले, याचा पत्ता लागेना.

मंगळवारी फोन करणाऱ्या बाईंना बोलावून घेतलं. चाळिशीच्या, शाळेत शिक्षिका, कपाळावर मोठी टिकली. आल्या त्या रागातच.

“मी मदत करायला फोन केला होता. आरोपी असल्यासारखं बोलावलंत.”

“चहा घ्या, दीदी. मला एवढंच सांगा, वडील मुलीला नेमकं काय म्हणाले?”

“टाचा उचल म्हणाले.”

“कुठल्या भाषेत?”

त्या थांबल्या. “त्यांच्या भाषेत.”

“तुम्हाला ती भाषा येते?”

“नाही. पण रेघेजवळ उभ्या असलेल्या मुलीच्या कानात बाप दुसरं काय सांगणार?”

“तुम्ही तिचे पाय पाहिलेत?”

“काउंटर मध्ये होता.”

मी काही बोललो नाही. चौकशीत गप्प राहणं हेही एक साधन असतं. समोरच्याला शांतता सहन होत नाही. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

“माझ्या मुलाला मी तेच सांगितलं होतं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “टाचा उचल म्हणून. तो तिच्या आधी गेला. काउंटरवरची बाई ओरडली, टाचा खाली. त्याने खाली टेकवल्या, तरी रेघेला लागला. मला वाटलं, बरंच उंच झालंय पोर.”

“किती उंच आहे तो?”

“एकशेपंधरा असेल.”

बाईंना राग त्या बापाचा नव्हता. आपल्या मुलाचं काय झालं असतं, याची भीती होती, आणि ती त्यांनी दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवली होती. निनावी फोन करणाऱ्यांत अशी माणसं मी बरीच पाहिली आहेत. पण त्यांनी नकळत मला मोलाची गोष्ट सांगितली. टाचा खाली टेकवलेलं एकशेपंधराचं मूल एकशेवीसच्या रेघेला लागलं होतं. म्हणजे दोष मुलांच्या पायांत नव्हता.

बुधवारी मी पुन्हा खेळघरात गेलो. या वेळी टेप घेऊन सरळ जिराफापाशी. जमिनीपासून लाल रेघेपर्यंत टेप लावली. एकशेतेरा. पुन्हा लावली. एकशेतेरा. सबइन्स्पेक्टरला लावायला सांगितली. त्याने आकडा वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

खेळघराचा मॅनेजर धावत आला. “स्यार, झिपलाइन बसवणाऱ्या कंपनीने लावलेला फळा आहे. आमचा माणूस चुकला असेल, कंपनी कशी चुकेल?”

फळ्याचे स्क्रू गंजलेले, भिंतीचा रंग फळ्याच्या कडेने जुनाच. कुणी तो हलवलेला नव्हता. मी खाली पाहिलं. भिंतीच्या तळाशी काळ्या फरशीची पट्टी असते, स्कर्टिंग म्हणतात ती. साधारण चार इंच असते. इथे ती जेमतेम दोन बोटं दिसत होती. स्वच्छतागृहाचं दार पाहिलं, तर खालच्या कडेला ताजी कापलेली, रंग नसलेली लाकडाची रेघ.

हे मला चांगलं ओळखीचं होतं. कोलकात्यात ज्यांच्या तळमजल्यावर पावसाचं पाणी शिरतं, ते सगळे हेच करतात. रस्ता दर काही वर्षांनी उंच होतो, मग घरातली जमीन उंच करायची, मग दारं खालून कापायची. आमच्याच घरात दोनदा झालं आहे. आमची स्विचची बटणं आता इतकी खाली आली आहेत की वाकून लावावी लागतात. सगळं शहर पायाखालची जमीन वर उचलत असतं आणि भिंतीवरच्या वस्तू आहेत तिथेच राहतात.

“पाणी कधी शिरलं होतं?” मी विचारलं.

“पावसाळ्यात, स्यार. गुडघाभर. म्हणून पुऱ्या हॉलला लाकडी तळ घातला. दोन महिने झाले.”

एका कोपऱ्यातला रबराचा तुकडा उचलायला लावला. पाच सेंटिमीटरच्या आडव्या फळ्या, वर दीड सेंटिमीटरचं प्लायवूड, त्यावर अर्ध्या सेंटिमीटरचं रबर. पाच, दीड, अर्धा. सात.

“आणि फळा?”

“फळा कशाला हलवायचा, स्यार? तो तर भिंतीवर होता. पाणी भिंतीवर कुठे चढलं?”

तो खरोखर निरागसपणे बोलला. मला हसू आलं आणि लगेच गेलं. दोन महिने तिथे उभं राहणारं प्रत्येक मूल सात सेंटिमीटरने उंच ठरत होतं. पट्टे मात्र एकशेवीसचेच होते.

इथपर्यंत झाली ती चूक. निष्काळजीपणाचा गुन्हा व्हायला आणखी काही लागतं. धोका कुणाला तरी दिसायला हवा होता का, आणि दिसला होता का? म्हणून काउंटरवरच्या बाईला बाजूला घेतलं. तिशीची, हावड्याहून रोज बोटीने यायची. तीन दिवस तिला कुणी काही विचारलं नव्हतं, कारण सगळ्यांना तिचं उत्तर माहीत आहे असं वाटत होतं.

“तुम्ही मुलीच्या टाचा पाहिल्या होत्या?”

“पाहिल्या होत्या ना. टेकलेल्या होत्या. रोज पाहते. आईबाप तर इतकं शिकवतात पोरांना, काय सांगू! एकाने पोराच्या बुटात रुमाल कोंबला होता.”

“मुलगी लहान वाटली नाही?”

ती साडीचा पदर बोटाला गुंडाळायला लागली. “दुर्गापूजेच्या सुट्टीनंतर सगळीच लहान वाटतात. आधी मी रविवारी आठ-दहा पोरांना परत पाठवायची. रडारड व्हायची, आईबाप भांडायचे. सुट्टीनंतर एकालाही परत पाठवलं नाही. सगळेच पास. मी मालकांना म्हटलं, दादा, काहीतरी गडबड आहे, पट्टे सैल पडतात.”

“मग?”

“म्हणाले, तू रेघ बघ. पोर बघू नकोस.”

परत पाठवलेल्या मुलांची एक वही काउंटरवर असायची. ती मागवली. तळ घातला त्याच्या आधीच्या रविवारांना प्रत्येकी सात, नऊ, आठ नावं. नंतरची पानं कोरी. ती वही मी जप्त केली. गेल्या तीन दिवसांत मालकाने मला चार वेळा फॉर्म दाखवला होता, वही एकदाही दाखवली नव्हती.

मालकाची चौकशी फार वेळ चालली नाही. आधी म्हणाला, असं काही बोललोच नाही. मग म्हणाला, बोललो असेन, पण सहज. शेवटी हात जोडून म्हणाला, “बापाने एकशेवीस लिहिलं नसतं तर मी सोडलं असतं का? बाप खोटं बोलला, स्यार. त्याचं काय?” त्याचा हा प्रश्न खोटा नव्हता, आणि तो माझ्या डोक्यातून जाईना.

गुरुवारी इस्पितळात गेलो. मुलांशी बोलायचं तर गणवेश नको, आई जवळ हवी, बाई अधिकारी बरोबर हवी. सगळं पाळलं. मुलीचा पाय वजनाला बांधलेला होता. इथे वाढणाऱ्या बऱ्याच मुलांसारखं तिचं मराठीही थोडं इकडचं, थोडं तिकडचं होतं.

“काका, तुम्ही पोलीस आहे? ड्रेस कुठे गेला?”

“धुवायला टाकलाय. मला सांग, त्या जिराफाजवळ तू कशी उभी राहिलीस?”

“बाबा बोलला ताठ, तर मी ताठ उभी राहिली. मॅडम बोलली टाचा खाली, तर मी खाली ठेवली.” मग आवाज बारीक झाला. “मी ताठ उभी राहिली म्हणून पडली ना?”

चार दिवस आम्ही सगळे मोठे लोक तिच्या टाचांबद्दल बोलत होतो. त्या टाचा जिच्या होत्या, तिला कुणी विचारलं नव्हतं. आणि चार दिवस ती पलंगावर पडून हेच धरून बसली होती की आपणच फसवाफसवी केली. आईने तोंड फिरवलं.

“नाही बाळ,” मी म्हटलं. “तू नीटच उभी होतीस. रेघच चुकीच्या जागी होती.”

तिने विचार केला. “मग रेघेला नीट ठेवायचं काम कुणाचं होतं?”

बाई अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. इतक्या सरळ शब्दांत हा प्रश्न ठाण्यातही कुणी विचारला नव्हता.

बाहेर वडील बसले होते. त्यांना सगळं सांगितलं. रेघ, तळ, वही. मग म्हणाले, “म्हणजे मी काही न बोलता नुसती उभी केली असती, तरी ती पास झाली असती.”

“हो.”

“मग माझी चूक नव्हती?”

इथे मला सोपं उत्तर देता आलं असतं. बायको दारात येऊन उभी होती, ऐकत होती. त्या माणसाचं घर त्या उत्तरावर टांगलेलं होतं, हे मला दिसत होतं.

“तुम्हाला एकशेबारा माहीत होते,” मी म्हटलं. “एकशेवीस तुम्ही लिहिलेत. रेघ काही म्हणो, तुम्हाला पोर माहीत होतं. तेवढं तुमचं आहे.”

त्यांनी मालकाचा कागद खिशातून काढून माझ्या हातात दिला, सही न केलेला. म्हणाले, “जबाब पुन्हा घ्या. दोन्ही लिहा.”

झिपलाइन त्या रविवारी सुरू झाली नाही. मालक आणि मॅनेजर दोघांवर आरोपपत्र गेलं. आरोपपत्रापूर्वी मुलीच्या वतीने नुकसानभरपाईचा दावा करणारे वकील वडिलांना घेऊन ठाण्यात आले आणि मला म्हणाले, “जबाबातलं ते एकशेवीसचं वाक्य थोडं सौम्य करता येईल का? आमच्या बाजूला जड जाईल.” मी काही म्हणायच्या आत वडीलच म्हणाले, “राहू द्या ते वाक्य.”

मुलीची आई म्हणाली होती तशी नागपूरला गेली. दोन महिन्यांनी परत आली. त्यामागे काय झालं ते मी विचारलं नाही, तो तपासाचा भाग नव्हता.

खटला उभा राहायला वेळ लागला. साक्षीच्या दिवशी बचावाच्या वकिलाने वडिलांना नेमकं तिथेच धरलं.

“मुलीची खरी उंची तुम्हाला माहीत होती?”

“होती.”

“तरी फॉर्मवर खोटं लिहिलंत?”

“लिहिलं.”

वकील समाधानाने वळले, तेवढ्यात वडील म्हणाले, “मी खोटं लिहिलं ते मी माझ्या मुलीला सांगितलं आहे. तुमच्या अशिलाने कुणाला सांगितलं?”

न्यायाधीशांनी त्यांना समज दिली, विचारलं तेवढंच बोला. पण ते वाक्य कोर्टात सगळ्यांनी ऐकलं. मालक दोषी ठरला. निकालपत्रात एक साधं वाक्य होतं, ते मला पटलं: पालकाने चुकीचा आकडा लिहिल्याने भिंतीवरचा आकडा बरोबर ठरत नाही.

माझीही एक चूक या प्रकरणात आहे, ती लपवत नाही. पहिल्याच दिवशी मी तार मोजली, गादी मोजली आणि छापलेला आकडा पाहून रेघ मोजली नाही. ती मोजली असती तर एक मूल चार दिवस स्वतःला दोष देत पडून राहिलं नसतं.

मी हिशेबी माणूस. इतकी वर्षं मला वाटायचं की जबाबदारी ही एकूण शंभर असते, तिचे वाटे पाडायचे असतात आणि एकाचा वाटा वाढला की दुसऱ्याचा कमी होतो. पाटी लावणारा मालक तेच म्हणत होता. सही करायला निघालेला बाप आणि फोन करणाऱ्या बाईही तेच धरून चालल्या होत्या. या प्रकरणाने मला शिकवलं की मुलांच्या बाबतीत हे गणित चालत नाही. बापाची जबाबदारी शंभर होती. मालकाचीही शंभर होती. बेरीज दोनशे येते, आणि ती बरोबर आहे.